सतरावा रकाना

“तुम्ही आजारी पडलात. शेजारणीनं आठवडाभर तुमचं सगळं केलं. बऱ्या झाल्यावर तुम्ही तिला काय म्हणाल?”

आनूआक्का मेथी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“काय म्हणायचं?”

“म्हणजे, काहीतरी म्हणाल ना?”

“मी उठून चालाय-फिराय लागले, हे तिला दिसतंय न्हवं? का आंधळी हाय ती?”

“दिसतंय हो. पण तोंडानं काय म्हणाल?”

“तोंडानं? तोंडानं तिच्यात जाऊन च्या पिईन.”

शेजारी बसलेली त्यांची सून मंगल खुदकन हसली. मी वहीतल्या सतराव्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तसंच उचललं. शेजारणीच्या घरी जाऊन चहा पिणं हे काही उत्तर नव्हतं. निदान माझ्या तक्त्यात तरी ते कुठं बसत नव्हतं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. भोगावतीच्या काठचं गाव, कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर. मी हेमांगी देवस्थळी, वय चोवीस, पुण्याहून भाषाशास्त्राचं संशोधन करायला आलेली. तेव्हा मला कसलीही शंका नसायची. शंका नसणं म्हणजेच हुशारी, असं मला वाटत असे.

परदेशात त्या काळात सभ्य बोलण्याचा एक सिद्धांत फार गाजत होता. सार एवढंच, की प्रत्येकाला आपला मान प्यारा असतो. कुणी काही मागितलं, काम सांगितलं, की त्या मानाला ओरखडा निघतो. म्हणून झाडून सगळी माणसं मागताना शब्दांची गादी घालतात: ‘जरा’, ‘त्रास होणार नसेल तर’, ‘माफ करा हं’. माणूस जितका परका आणि मागणं जितकं मोठं, तितकी गादी जाड. भाषा कुठलीही असो, माणूस कुठलाही असो, सगळीकडे हेच. आमच्या घैसास सरांचा या सिद्धांतावर भारी जीव. त्यांनी मला चोवीस प्रसंगांची प्रश्नावली करून दिली होती आणि सांगितलं होतं, “चाळीस बायका गाठ. तक्ते भर. सिद्धांत मराठीला लागू पडतो एवढं दाखव, की झाली तुझी पीएच.डी.”

झाली म्हणे! त्या गावात कुणी गादी घालतच नव्हतं. नववा प्रसंग होता, शेजारणीकडे चाळण मागायची आहे. धनाबाई नावाची म्हातारी म्हणाली, “मागायची कशापायी? घेऊन यायची. चाळण काय पळून जातीया?” अकरावा, घाईत असलेल्या माणसाला थांबवायचं आहे. उत्तर: “आरं थांब की मुडद्या!” आणि सतरावा, आभाराचा, तो तर सगळ्यांचाच कोरा.

मी त्या घरात आले तेव्हाच खरं तर मला हे कळायला हवं होतं. शाळेच्या मास्तरांनी मला आनूआक्कांच्या दारात नेऊन उभं केलं, तेव्हा मी एसटीत घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, “आपली काही गैरसोय होणार नसेल, तर मला इथे महिना-दोन महिने राहता येईल का?”

आक्का मास्तरांना म्हणाल्या, “काय म्हणतीया ही?”

“ऱ्हायाचं म्हणतीया.”

“मग ऱ्हा की. एवढं बोलायचं काय त्यात?” आणि लगेच मला, “ए पुण्याची, पिशवी आत ठेव आणि तेवढी घागर उचल.”

पन्नाशीची बाई, काटक, आवाज खणखणीत. नवरा वारलेला, मुलगा साखर कारखान्यात कामाला. मळ्यातलं गुऱ्हाळ आक्का स्वतः चालवायच्या. तिथं मोठ्या काहिलीत रस रटरटत असायचा आणि ती उतरवायची वेळ झाली की आक्का ज्या शब्दांत माणसांना हाका मारायच्या, ते शब्द मी वहीतही लिहिले नाहीत. मला राग यायचा. येता-जाता ‘ए पुण्याची’, ‘हितं काय बसलीयास’, ‘भाकरी गिळ की लवकर’. आमच्या घरात मोलकरणीशीसुद्धा कुणी असं बोलत नव्हतं. मी मात्र नेटानं ‘आक्का, जरा पाणी घेऊ का?’ असं विचारत राहायचे आणि त्या दर वेळी कपाळाला हात लावायच्या.

फेब्रुवारीत सरांचं पत्र आलं. ‘रिकामा रकाना हे उत्तर नव्हे. बायका लाजत असतील, तुला नीट विचारता येत नसेल. मार्चअखेर पूर्ण तक्ते आले नाहीत तर पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळणार नाही.’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. वडील नव्हते. आई घरी बसून ब्लाउज, परकर शिवायची. शिष्यवृत्ती गेली तर सगळा भार परत तिच्या मशीनवर पडणार होता.

आणि नेमकी तेव्हाच मी आजारी पडले. टायफॉइड. डॉक्टर आले, गोळ्या देऊन गेले, म्हणाले हलवू नका. पुढचे बारा दिवस मला तुकड्या-तुकड्यांत आठवतात. कपाळावर ओलं फडकं. भाताची पेज. माझे केस विंचरून घट्ट वेणी घालणारे खरखरीत हात. आणि सतत चाललेला तोंडाचा पट्टा.

“तोंड उघड. उघड म्हणते न्हवं! मरायचं आसंल तर पुण्याला जाऊन मर, माझ्या दारात न्हाई.”

“नको आक्का, तुम्हाला उगाच त्रास…”

“पेज ढोस आधी. तरास म्हणं!”

त्या बारा दिवसांत आक्का गुऱ्हाळावर गेल्याच नाहीत. ऐन हंगामात. हे मला मंगलनं नंतर सांगितलं. काकवी करपली, दोन दिवसांचा गूळ काळा पडला, पण त्या माझ्या अंथरुणापासून हलल्या नाहीत.

बरी झाले तेव्हा मला भरून आलं होतं. खोटं कशाला सांगू, इतकं माझं कुणी केलं नव्हतं. आई होती, पण ती बिचारी सतत मशीनवर. या बाईचे आभार नीट, शोभेल असे मानायचे, हे मी मनाशी ठरवून टाकलं. अशक्त अंगानं एसटी पकडून कोल्हापूरला गेले, महाद्वार रोडवर चार दुकानं पालथी घातली आणि हिरवं, लाल काठाचं इरकली लुगडं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या सोप्यात पाच-सहा बायका बसलेल्या असताना मी ते आक्कांच्या पुढं ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले,

“आक्का, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. हे माझ्याकडून तुम्हाला.”

माझ्या मते मी फार छान बोलले होते. एक शब्द अडखळला नाही.

धनाबाई जमिनीकडं बघत राहिली. आक्कांनी लुगड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “ठेवा तिथं, बाई.”

दुपारी मी जेवायला गेले तर चुलीजवळ माझ्यासाठी पाट मांडलेला. शेजारी घासलेला तांब्या, त्यावर फुलपात्र. एरवी मी मंगलच्या शेजारी भुईवर बसून जेवायचे.

“बसा,” आक्का म्हणाल्या. “आणि भाकरी वाढू का? आमटी तिखट झाली असंल, चालंल का तुमास्नी?”

मी म्हटलं, चालेल. मनात म्हटलं, वा, चार लोकांत मान दिला, त्याचा परिणाम दिसतोय.

परिणाम गावभर दिसला. मी नवी वही घेऊन निघाले की बायका पदर सावरून उठू लागल्या, घोंगडं अंथरू लागल्या. आणि उत्तरं! मुळीच आढेवेढे नाहीत. धनाबाई चाळणीच्या प्रसंगावर म्हणाली, “वैनी, तुमची चाळण मोकळी हाय का, जरा देशीला का, आसं म्हणीन बगा.” सतराव्या रकान्याला म्हणाली, “लई उपकार झालं तुमचं, आसं म्हणीन.” मी लिहून घेतलं. पुढच्या घरीही तेच. चार दिवसांत चाळीस बायका, चोवीस प्रसंग, एक रकाना मोकळा नाही. परक्याला जाड गादी, मोठ्या मागण्याला त्याहून जाड. सिद्धांत अगदी टाचणीच्या टोकाएवढाही इकडं-तिकडं झाला नव्हता.

मी सोप्यात बसून बेरजा करत होते आणि मला आनंद होत नव्हता. होत होता म्हणा, पण कुठंतरी काहीतरी टोचत होतं. आतून आक्कांचा आवाज येत होता, “मंगले, शेंगा फोडाय हात मोडल्यात व्हय गं?” शेजारची शेवंता दारातून सरळ आत गेली, फडताळातून मूठभर मिरच्या घेतल्या आणि तशीच निघाली. तिच्या मागं आक्का ओरडल्या, “समद्या नेऊ नगंस, भवाने!” शेवंता हसत गेली. मग आक्का बाहेर आल्या, मला बघून थबकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुमच्या लिव्हण्यात आडचण झाली काय? बेतानं बोलतो आमी.”

मला, मला कुणी भवानी म्हणत नव्हतं. पाच दिवस झाले, कुणी ‘ए पुण्याची’ म्हणून हाक मारली नव्हती. ज्या हाकेचा मला इतका राग यायचा, ती ऐकायला मी कान लावून बसले होते. स्वतःचीच लाज वाटली.

आक्का मळ्याकडं गेल्यावर मी मंगलला गाठलं. “वहिनी, खरं सांगा. माझं काय चुकलं?”

“तुमचं काय चुकंल? तुमी शिकल्या-सवरलेल्या.”

“मंगलवहिनी.”

तिनं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. “आत्याबाईंनी तुमास्नी पोरगी म्हणून केलं. तुमी चार बायकांत लुगडं ठेवलंसा आणि एका दमात फेडून मोकळ्या झालासा. आता फेडल्यालं माणूस घरचं कसं हुईल? पै-पावणं झालं ते. पावण्याला पाट द्यायाला लागतो.”

“पण मी तर आभार…”

“तेच की,” मंगल म्हणाली आणि परत शेंगा फोडायला लागली.

मी खोलीत येऊन वही उघडली. चाळीस बायकांची उत्तरं पुन्हा वाचली. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. परक्या बाईशी जसं बोलायचं, तसं त्या माझ्याशी बोलल्या होत्या. तक्ता खरा होता, फक्त तो गावाचा नव्हता, माझा होता. आधीचे कोरे रकाने मात्र सगळे भरलेले होते, मलाच वाचता आले नव्हते. तिच्यात जाऊन च्या पिईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पुण्याला परतायची एसटी होती. तक्ते पूर्ण होते. ते सरांच्या टेबलावर ठेवले असते की शिष्यवृत्ती नक्की, आईची सुटका नक्की. कुणाला काही कळलंही नसतं.

उन्हं कलताना आक्का मळ्यातून आल्या, हातपाय धुऊन चुलीपुढं बसल्या. मी उठले. आमच्या आईनं आम्हाला एकच शिकवलं होतं: कुणाच्या घरी पाणीसुद्धा मागायचं नाही. मी चोवीस वर्षांत कुणाकडं हक्कानं काही मागितलेलंच नव्हतं.

दारातून आत गेले, पाट पायानं बाजूला सारला आणि भुईवर फतकल मारून बसले.

“आक्का, भूक लागलीय. भाकरी वाढ.”

आक्कांचा हात परातीत थांबला. मी त्यांना पहिल्यांदाच एकेरी बोलले होते.

“वाढते की,” त्या सावकाश म्हणाल्या. “पाटावर बसा.”

“पाटावर नको. आणि ते लुगडं परत दे.”

“आं?”

“लुगडं. परत दे मला. माझ्या आईला एक धड लुगडं नाही. तिला नेऊन देते.”

मंगलच्या हातातली पळी खाली पडली. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता, आक्कांच्या आणि माझ्याही. मला वाटलं, आता संपलं. आता ही बाई मला हात धरून बाहेर काढणार.

“दिल्यालं माघारी मागतीस?” त्या म्हणाल्या. “लाज हाय का न्हाई?”

‘मागतीस’ म्हणाल्या. ‘मागतासा’ नाही.

“नाही,” मी म्हटलं.

“आईच्या अंगावर लुगडं न्हाई आणि हिकडं मला इरकली घेऊन येतीस? अक्कल काय पुण्यात ठेवून आलीस? बगतीस काय अशी? ऊठ. आधी पाणी आण, घागर रिकामी हाय. फुकट भाकरी मिळत न्हाई हितं.”

मी घागर उचलली. आडापर्यंत गेले, तिथं कठड्याला टेकून हमसाहमशी रडले, मग पाणी शेंदून परत आले. आक्कांनी ताटात तीन भाकऱ्या टाकल्या.

“एवढ्या नाही जायच्या मला.”

“गप गिळ. काटकी झालीयास नुसती.”

सकाळी एसटीत चढताना त्यांनी माझ्या पिशवीत लुगडं कोंबलं आणि वर गुळाची अख्खी ढेप. “आईला सांग, आनूबाईनं दिलंया. आणि परत येशील तवा तिला घेऊन ये, नुसती येऊ नगंस.” मी ‘थँक्यू’ म्हटलं नाही. “ढेप जड आहे, उचलून कोण देणार, वर ठेव,” असं म्हटलं. त्यांनी शिव्या देत ती वरच्या फळीवर ठेवली.

घैसास सरांपुढं मी दोन्ही वह्या ठेवल्या, कोरी आणि भरलेली, आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे तू त्यांना दुखावलंस म्हणून सिद्धांत बरोबर आला, असं म्हणायचंय तुला?”

“हो, सर.”

“हे कुठल्या तक्त्यात बसवू मी?”

ते चिडले होते. शिष्यवृत्ती थांबली. आईला सांगितलं तेव्हा ती मशीन थांबवून माझं ऐकत राहिली, मग ते हिरवं लुगडं अंगाशी धरून म्हणाली, “आणखी दोन वर्षं ना? शिवेन.” मी दोन वर्षं उशिरा प्रबंध दिला, त्यात सतराव्या रकान्यावर एक अख्खं प्रकरण होतं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या एका परीक्षकांनी विचारलं, थोडक्यात सांगा, हा सिद्धांत सगळ्या जगाला लागू पडतो का? मी म्हटलं, “पडतो की. परक्यांना.” सर खाली बघून हसले, ते मला दिसलं.

पुढं दर हंगामात मी गावी जात राहिले. दोन-तीनदा आईलाही नेलं. हक्कानं जेवले, काकवीचे डबे भरून आणले, शिव्या खाल्ल्या. बावीस वर्षं मी मागत होते आणि आक्का देत होती. तिनं मात्र माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. हे मला सलायचं. वाटायचं, मी तिला आपलं मानलं, पण तिनं मला मानलं का, की अजून पाट मनातल्या मनात मांडलेलाच आहे?

दोन हजार नऊच्या जुलैत एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात सतरा-अठरा वर्षांची मुलगी उभी. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. मंगलची वृषाली. तिनं चिठ्ठी पुढं केली. अक्षर मंगलचं, बोलणं आक्काचं.

‘पोरगी पुण्याच्या कॉलेजात घातलीया. तुझ्यात ऱ्हाईल चार वर्सं. हिला भात लई लागतो. उशिरापत्तूर झोपू देऊ नगंस. आनूबाई.’

एवढंच. आधी फोन नाही, ठेवून घेशील का नाही, गैरसोय होईल का नाही. चार वर्षं! मी ती चिठ्ठी पुन्हा वाचली, आणखी एकदा वाचली. अक्षरं दिसेनाशी झाली, डोळे भरून आले होते. आक्का, बाई गं, इतकी वर्षं लावलीस.

वृषाली बिचारी माझ्या तोंडाकडं बघून घाबरली. ट्रंक खाली ठेवून चाचरत म्हणाली, “मावशी, तुम्हाला अडचण होणार नसेल तर… मी आत येऊ का?”

“इचारतीस काय भवाने?” मी डोळे पुसत ओरडले. “ट्रंक आत ठेव आणि आधी पाणी भर. नळ जाईल आत्ता.”